ज्याचं विष, त्याचाच उतारा

साप चावलेला माणूस दवाखान्यात वाचतो, तो घोड्याच्या रक्तामुळे. खोटं वाटतं ना? पण मुलांनो, ही गोष्ट अगदी खरी आहे. त्या घोड्याला कधी साप चावलेला नसतो, आणि त्या माणसाने तो घोडा कधी पाहिलेलाही नसतो. तरी घोड्याने महिनोन् महिने खपून स्वतःच्या रक्तात जे तयार केलं, तेच कुपीतून येतं, सलाइनमधून माणसाच्या अंगात उतरतं आणि त्याचा जीव राखतं. ही युक्ती ज्यांनी शोधली आणि गरिबाच्या दारापर्यंत पोचवली, त्यांतल्या एका डॉक्टरची गोष्ट आज सांगतो. या माणसाने सारा जन्म विषाचा अभ्यास केला. त्यातून त्याने एक असं सत्य दाखवून दिलं, की आपल्या गावच्या आरोग्य केंद्रातलं सर्पदंशाचं औषध आजही त्याच सत्यावर चालतं.

त्याचं नाव व्हिटाल ब्राझील. हो, आडनावाच्या जागी चक्क देशाचं नाव! त्याच्या वडिलांना आपल्या मुलांची नावं आपल्या मुलखावरून ठेवायची हौस होती. म्हणून या मुलाच्या पूर्ण नावात देश आला, मिनास जेराइस हा प्रांत आला आणि जन्मगाव कंपान्याही आलं. जन्म २८ एप्रिल १८६५चा. घरची गरिबी होती. पडेल ते काम करत, शिकवण्या घेत तो रिओ द जानेरोला डॉक्टरकी शिकला आणि १८९१ साली डॉक्टर होऊन बाहेर पडला.

तेव्हा ब्राझीलमध्ये कॉफीचं राज्य होतं. साओ पावलो प्रांतात डोंगरच्या डोंगर जंगल तोडून कॉफीचे मळे उभे राहत होते. गुलामगिरी १८८८ साली कायद्याने संपली होती आणि मळ्यांवर राबायला इटलीहून बोटी भरभरून माणसं येत होती. व्हिटालने या मळ्यांच्या मुलखात, बोतुकातु नावाच्या गावात दवाखाना थाटला. जंगल तोडलं म्हणून जंगलातले साप काही गाव सोडून गेले नव्हते. उलट धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे साप आले. त्यांतला सगळ्यांत जास्त चावणारा साप म्हणजे जराराका. अंगावर तपकिरी नक्षी, वाळक्या पाचोळ्यात पडला तर शोधून दिसणार नाही. कॉफीची फळं तोडायला अनवाणी मजूर झाडाखाली वाकला, की पाय नेमका त्याच्यावर पडायचा.

मग काय होतं ते नीट ऐका, कारण आपल्याकडच्या घोणसाचंही पुष्कळसं असंच असतं. पावलावर दोन बारीक भोकं दिसतात. थोड्याच वेळात पाय सुजू लागतो. सूज घोट्यावरून पोटरीवर, पोटरीवरून गुडघ्यावर चढते. कातडी काळीनिळी पडते, फोड येतात. हिरड्यांतून रक्त झिरपू लागतं, कारण विषाने रक्ताची गोठण्याची ताकदच संपवलेली असते. साधं खरचटलं तरी रक्त थांबत नाही. डॉक्टर बॅग घेऊन धावत जायचा, पण बॅगेत या विषावर काहीच नसायचं. रोग्याचा हात हातात घेऊन बसणं, एवढंच त्याच्या हाती उरायचं. व्हिटालला हे सोसवेना.

गावातले वैदू मुळ्या आणि पाले देत. व्हिटालने त्यांना हसण्यावारी नेलं नाही. त्याने त्या वनस्पती मागून आणल्या, त्यांचे अर्क काढले आणि विष टोचलेल्या जनावरांना देऊन पाहिले. एकाही अर्काने विष उतरलं नाही. मुलांनो, शास्त्रज्ञ असा असतो. ऐकलेली गोष्ट तो डोळे मिटून मानत नाही आणि डोळे मिटून झिडकारतही नाही. तो करून पाहतो.

तेवढ्यात त्याच्या वाचनात एका फ्रेंच डॉक्टरचं काम आलं. त्या डॉक्टरचं नाव आल्बेर काल्मेत. पुढे क्षयावरची बीसीजी लस ज्या दोघांच्या हातून झाली, त्यांतला हा एक. तुमच्या दंडावर लहानपणीच्या टोचणीचा जो बारीक वण आहे ना, तो त्याच लशीचा. काल्मेत १८९१ साली फ्रेंचांच्या ताब्यातल्या सायगावला, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये, प्रयोगशाळा काढायला गेला होता. तिथे एका गावात पूर आला. बिळांत पाणी शिरलं आणि नाग घराघरांत घुसले. कितीतरी माणसं डसली गेली आणि काही दगावली. गावकऱ्यांनी धरलेले नाग पिंपात भरून काल्मेतकडे आले आणि त्याने त्यांच्या विषावर काम सुरू केलं.

त्याच्यापुढे एक वाट नुकतीच उघडली होती. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग हा जर्मन आणि शिबासाबुरो कितासातो हा जपानी, या दोघांनी एक नवल दाखवलं होतं. धनुर्वाताचे जंतू अंगात एक विष सोडतात आणि त्या विषाने माणूस आखडून मरतो. हे विष जनावराला मरणार नाही इतकं थोडं थोडं टोचत गेलं, तर जनावर त्याला पुरून उरतं. आणि त्या जनावराच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, दुसऱ्या जनावराला टोचला तर तेही वाचतं! म्हणजे विषाला अडवणारी वस्तू रक्तात तयार होते आणि ती एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेता येते. बेहरिंगला यासाठी १९०१ सालचं वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं. काल्मेतने हीच रीत नागाच्या विषाला लावली. आधी लहान जनावरांवर आणि मग घोड्यांवर प्रयोग केले. नागाच्या विषावरचं सीरम तयार झालं. पॅरिसमध्ये फिझालिक्स आणि बेरत्राँ या दोघांनीही १८९४ सालीच युरोपातल्या सापाच्या विषावर तसंच काहीसं दाखवलं होतं.

पण काल्मेतचा एक समज असा होता, की सापाचं विष इथूनतिथून एकच. मग नागाच्या विषाविरुद्ध बनवलेलं सीरम कुठल्याही सापाच्या दंशावर चाललं पाहिजे.

व्हिटाल ब्राझील १८९७ साली साओ पावलोला आला आणि अडोल्फो लुट्झ यांच्या जंतुशास्त्र संस्थेत काम करू लागला. त्याने फ्रान्सहून आलेलं सीरम घेतलं आणि आपल्या मातीतल्या सापांच्या विषाशी भिडवलं. जराराकाचं विष टोचलेलं जनावर मेलं. खुळखुळ्या शेपटीच्या सापाचं, तिथे ज्याला कास्काव्हेल म्हणतात त्याचं विष टोचलेलंही मेलं. युरोपातल्या नावाजलेल्या प्रयोगशाळेचं औषध ब्राझीलच्या सापांपुढे निकामी ठरलं होतं.

आता हा तरुण डॉक्टर थांबला असता, तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्याने विचार केला, की नागाचं सीरम नागाला चालतं, तर जराराकाला जराराकाचंच लागत असेल. म्हणून त्याने काही जनावरांना फक्त जराराकाचं विष चढत्या मात्रेने टोचलं आणि काहींना फक्त कास्काव्हेलचं. दोन सीरमं तयार झाली. मग अदलाबदल करून पाहिली. जराराकाच्या सीरमने जराराकाचं विष निष्प्रभ केलं, पण कास्काव्हेलच्या विषापुढे ते काही कामाचं नव्हतं. कास्काव्हेलच्या सीरमचं नेमकं उलटं झालं. म्हणून व्हिटालने तीन प्रकारची औषधं बनवली: एक जराराकाच्या जातकुळीसाठी, दुसरं कास्काव्हेलसाठी, आणि तिसरं दोन्ही मिसळून, साप ओळखता आला नाही तर देण्यासाठी.

असं का होतं? ऐका. या दोन सापांची विषं कामं वेगळी करतात. जराराकाचं विष रक्तावर आणि मांसावर तुटून पडतं. कास्काव्हेल चावला तर पाय फारसा सुजतही नाही, पण पापण्या मिटू लागतात, दिसायला अंधुक होतं, अंगातले स्नायू आतल्या आत विरघळतात, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडं बंद पडतात. काम वेगळं, कारण विषातली प्रथिनं वेगळी, त्यांचे आकार वेगळे. आणि आपल्या शरीराचं संरक्षण चालतं ते आकार ओळखूनच.

मोठ्या बाजारपेठेतलं तयार कपड्यांचं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. त्यात लाखो मापांचे सदरे टांगलेले आहेत, पण प्रत्येक मापाचा एकेकच. गिऱ्हाईक आलं, की एखादाच सदरा त्याला नेमका बसतो. मालक लगेच कारखान्याला सांगतो, याच मापाचे आणखी हजारो शिवा! आपल्या रक्तात आणि गाठींमध्ये बी-पेशी नावाच्या पेशी असतात, त्यांचं हे दुकान. प्रत्येक पेशीच्या अंगावर वेगळ्या मापाचा पकडणारा रेणू असतो. विषाचा रेणू ज्या पेशीच्या रेणूला नेमका बसतो, तीच पेशी भराभर वाढते आणि तसेच रेणू रक्तात सोडू लागते. या सुट्या रेणूंना प्रतिपिंडं म्हणतात. ती विषाला जाऊन चिकटतात आणि त्याचं काम थांबवतात. जराराकासाठी वाढवलेलं माप कास्काव्हेलच्या विषाला बसतच नाही. पेशींची ही निवड मॅकफार्लेन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९५७ साली उलगडून सांगितली. व्हिटालला पेशींचं हे गुपित ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्याने फक्त निसर्गाला नेमका प्रश्न विचारला आणि नेमकं उत्तर मिळवलं.

मध्येच एक संकट कोसळलं. १८९९ साली सांतोस बंदरात प्लेग उतरला. हीच ती साथ, जी १८९६ साली आपल्या मुंबईत मांडवीपाशी उपटली होती आणि जगभर बोटींबरोबर फिरत होती. मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७मध्ये ती आधी स्वतःलाच टोचून घेतली होती, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. आजची हाफकिन संस्था तीच. त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला व्हिटाल सांतोसमध्ये प्लेगच्या रोग्यांच्या गाठी तपासत होता, आणि तपासता तपासता त्यालाच प्लेग झाला. नशीब बलवत्तर म्हणून तो वाचला.

प्लेगवरचं सीरम परदेशातून वेळेवर मिळेना. म्हणून सरकारने साओ पावलो शहराबाहेर बुतांतान नावाची शेतवाडी घेतली आणि १९०१ साली तिथे सीरम बनवणारी संस्था व्हिटालच्या हाती सोपवली. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर शेतावरचा गोठा आणि एक पडवी! तिथे प्लेगचं सीरम तयार झालं, आणि त्याच वर्षी सापाचंही. एकाच साथीमुळे परळची आणि बुतांतानची अशा दोन संस्था उभ्या राहिल्या, आणि पुढे दोघीही सर्पविषाच्या कामात नावारूपाला आल्या.

आता बुतांतानमध्ये काम कसं चाले ते जवळून पाहू. माणूस आकड्याच्या काठीने साप उचलतो आणि डोक्यामागे पकडतो. अंगठा आणि बोट नेमकं जबड्याच्या सांध्यावर असतं. जरा सैल पडलं तर साप वळून डसेल आणि जास्त दाबलं तर सापाचा जीव जाईल. काचेच्या भांड्याची कड जबड्यात येते, दात बाहेर निघतात आणि पिवळसर थेंब काचेवरून ओघळतात. हे विष सुकवलं, की त्याचे बारीक पिवळे स्फटिक होतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. त्यातलं अगदी कणभर, मिठाच्या पाण्यात विरघळवून घोड्याला टोचायचं. घोडा अंग झटकतो, टोचलेली जागा सुजते, थोडा ताप येतो. तो बरा झाला, की काही दिवसांनी किंचित जास्त टोचायचं. असं करत करत काही महिन्यांनी तो घोडा असा तयार होतो, की साध्या घोड्याचा जीव घेईल इतकं विष तो सहज पचवतो. मग त्याच्या मानेच्या शिरेतून बेताने रक्त घ्यायचं. रक्त भांड्यात ठेवलं, की गोठून लाल भाग खाली बसतो आणि वर गवती चहाच्या रंगाचं स्वच्छ सीरम उरतं. एवढी प्रतिपिंडं द्यायला घोडाच का? तो मोठा आहे, माणसाळलेला आहे, आणि थोडं रक्त काढलं तरी विश्रांतीने भरून काढतो.

पण घोडा असला तरी विष हवंच, आणि विषाला साप हवेत. हजारो साप! ते आणायचे कुठून? इथे व्हिटालने जी युक्ती काढली, ती मला त्याच्या शोधाइतकीच मोठी वाटते. त्याने शेतकऱ्यांना सांगितलं, तुम्ही मला साप पाठवा, मी तुम्हांला औषध पाठवतो. सरकत्या झाकणाच्या लाकडी पेट्या आणि साप धरायचे फासे संस्थेने गावोगाव वाटले. साप मारायचा नाही, फाशात धरून पेटीत सोडायचा आणि स्टेशनावर नेऊन द्यायचा. रेल्वे त्या पेट्या फुकट वाहून नेई. परतीच्या टपालाने शेतकऱ्याला सीरमच्या कुप्या मिळत, आणि साप जास्त पाठवले तर टोचायची पिचकारीही मिळे. ज्या सापाला पाहताक्षणी कुऱ्हाड मारायची सवय होती, तोच साप आता औषधाची किंमत होऊन बसला. आणि बघा, ज्या भागात जो साप जास्त, तिथून त्याच सापाच्या पेट्या येणार. म्हणजे ज्या मातीत दंश, त्याच मातीतल्या विषाचा उतारा. शोध आणि वाटप दोन्ही एका सूत्रात आले.

कुपीबरोबर एक छापील कागदही असायचा. साप अंगावर कुठे चावला, कुठल्या जातीचा होता, किती तासांनी औषध दिलं, पुढे काय झालं, हे भरून परत पाठवायचं. असे कागद साठत गेले आणि त्यांतून व्हिटालला दिसलं, की बहुतेक दंश पावलावर आणि गुडघ्याखाली होतात. तेव्हापासून तो सांगत सुटला, की मळ्यात बूट घाला! सीरम बनवणारा माणूसच सीरमची गरज पडू नये म्हणून धडपडत होता. त्याने १९११ साली सर्पदंशापासून बचाव कसा करावा यावर पुस्तक लिहिलं, शाळामास्तरांना आणि शेतकऱ्यांना बोलावून साप दाखवले, विष काढून दाखवलं.

बुतांतानमध्ये पाहुण्यांना दाखवायचा आणखी एक चमत्कार होता. त्याचं नाव मुसुराना. हा काळसर, गुळगुळीत, माणसाला न त्रासणारा साप दुसरे साप खातो, आणि विषारीच पसंत करतो. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१३ साली बुतांतानला आले, तेव्हा त्यांच्यासमोर मुसुराना जराराकावर चालून गेला, त्याला वेटोळ्यांत आवळलं आणि डोक्याकडून गिळत गेला. झटापटीत जराराकाने मुसुरानाला डसलं तरी मुसुरानाला त्याचं काहीच नव्हतं. रूझवेल्टनी आपल्या प्रवासवर्णनात हा प्रसंग बारकाईने लिहून ठेवला आहे. पण गंमत पुढेच आहे. याच मुसुरानाला पोवळ्या सापाचं विष मारतं! म्हणजे निसर्गानेही सरसकट कवच दिलेलं नाही. ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या गाठ पडली, त्याच्यापुरतंच दिलं.

आपल्याकडे म्हणतात, की मुंगूस नागाशी लढून आलं, की मुंगूसवेलीचा पाला खाऊन विष उतरवतं. पाला नव्हे बरं का, खरी मेख मुंगसाच्या शरीरातच आहे. नागाचं विष आपल्या स्नायूंवरच्या ज्या रेणूला जाऊन चिकटतं, त्या रेणूची घडण मुंगसात किंचित वेगळी आहे. विषाला धरायला जागाच मिळत नाही. पुन्हा गोष्ट आकाराचीच.

व्हिटालचं नाव जगभर झालं ते १९१६ साली. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या शास्त्रपरिषदेहून तो न्यूयॉर्कला आला होता. तिथल्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात एका राखणदाराला टेक्सासच्या खुळखुळ्या सापाने डसलं. राखणदाराची अवस्था बिकट होत चालली. व्हिटालने बरोबर आणलेलं कास्काव्हेलचं सीरम दिलं आणि तो माणूस वाचला. तुम्ही विचाराल, ‘आजोबा, ते सीरम तर ब्राझीलच्या सापाचं होतं ना, मग टेक्सासच्या सापाला कसं चाललं?’ शाब्बास, हाच प्रश्न विचारायला हवा! ते दोन्ही साप एकाच कुळातले आहेत. भाऊबंदांच्या विषात काही रेणू सारखे निघतात, म्हणून सीरमला धरायला जागा मिळाली. नागाचं सीरम दिलं असतं, तर मिळाली नसती.

पुढे १९१९ साली व्हिटाल बुतांतान सोडून रिओजवळच्या नितेरॉय गावी गेला आणि तिथे त्याने दुसरी संस्था उभी केली. ती आज त्याच्याच नावाने चालते. सापांपाठोपाठ विंचू आणि कोळ्यांच्या विषांवरही त्याच्या शाळेत काम झालं. १९५० साली, पंच्याऐंशीव्या वर्षी तो वारला.

त्याने घालून दिलेली वाट मात्र पुढे कुठच्या कुठे गेली. बुतांतानमध्येच १९३८ साली कास्काव्हेलच्या विषातलं मुख्य प्रथिन शुद्ध स्फटिकरूपात वेगळं काढलं गेलं. दहा वर्षांनी साओ पावलोतच मौरिसिओ रोचा ए सिल्व्हा आणि सहकाऱ्यांना जराराकाचं विष वापरून केलेल्या प्रयोगात रक्तवाहिन्या सैल करणारा ब्रॅडिकिनिन नावाचा रेणू सापडला. मग सर्जिओ फेरेरा यांनी दाखवलं, की जराराकाच्या विषातच या ब्रॅडिकिनिनचा जोर वाढवणारे छोटे रेणू आहेत. त्यांचा नमुना समोर ठेवून कॅप्टोप्रिल नावाचं रक्तदाबाचं औषध तयार झालं. त्याच कुळातल्या गोळ्या आज घरोघरचे आजी-आजोबा सकाळी चहाबरोबर घेतात. ज्या विषाने मळ्यातला मजूर मरायचा, त्याच विषाचा अभ्यास आज घराघरात माणसं जगवतो आहे. विष वाईट आणि औषध चांगलं, असं निसर्गात काही नसतं. निसर्गात फक्त रेणू असतात आणि त्यांची मापं असतात. माप ओळखणं हे माणसाचं काम.

आता आपल्या घरी या. भारतात सापाच्या दंशाने दर वर्षी मरणाऱ्यांची संख्या संशोधकांनी सरासरी ५८ हजारांच्या घरात काढली आहे. त्यांत शेतात राबणारी माणसं सगळ्यांत जास्त. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस मुख्यतः चार सापांच्या विषांविरुद्ध बनते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोड्याला चारही विषं टोचतात. म्हणजे व्हिटालच्या मिसळलेल्या सीरमचंच हे आपल्या मातीतलं रूप. कुपीवर लिहिलेलं असतं, की या औषधाचा १ मिलिलिटर नागाचं ०.६ मिलिग्रॅम, घोणसाचं ०.६, मण्यारचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतो. बघा, प्रत्येक सापाचा हिशेब वेगळा! आरंभी मी म्हटलं होतं ते सत्य हेच. ज्याचं विष, त्याचाच उतारा.

पण याच सत्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला बोचते. सह्याद्रीतल्या झाडांवर राहणारा हिरवा चापडा या चौघांत नाही. समुद्रातले विषारी साप नाहीत. त्यांच्या दंशावर या लशीचा भरवसा धरता येत नाही. शिवाय आपल्या देशात लशीसाठी लागणारं बरंचसं विष तामिळनाडूत, इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेतून येतं. हे काम फार मोलाचं आहे. पण घोणस तामिळनाडूतला आणि घोणस महाराष्ट्रातला, नाव एक असलं तरी विषाचं मिश्रण अगदी तंतोतंत एक नसतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी प्रांताप्रांतातला हा फरक मोजून दाखवला आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिटालने काल्मेतला विचारलेला प्रश्न आज आपण स्वतःला विचारायला हवा: आमच्या मातीतल्या सापांसाठी आमच्या मातीतलं औषध आम्ही कधी बनवणार? आपल्या इथे असा प्रश्न विचारणारी माणसं झाली आहेत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या विषाने हृदयाची काय दशा होते, हे रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसून टिपलं आणि प्रॅझोसिन या साध्या गोळीने कितीतरी लेकरं वाचवली. त्यासाठी त्यांना मोठी प्रयोगशाळा लागली नाही, आपल्या रोग्याकडे नीट पाहणारे डोळे लागले.

आणि एक तपासणी तर तुम्ही पाहून ठेवण्यासारखी आहे. घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असेल, तर डॉक्टर रोग्याचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत घेतात आणि २० मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी हळूच तिरकी करतात. रक्त गोठलं असेल तर थोडा दम धरता येतो. ते पाण्यासारखं ओघळलं, तर विषाने रक्त बिघडवलं आहे, लस लगेच सुरू करायची. एक नळी, एक घड्याळ आणि थोडी शांत बुद्धी. एवढ्यावर खेड्यातल्या दवाखान्यातही योग्य निर्णय होतो.

म्हणून मुलांनो, मनाशी पक्कं धरा. कुणाला साप चावला तर दंशावर काप घेऊ नका, तोंडाने विष ओढू नका, दोरी करकचून आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, सापामागे धावू नका. चावलेला हात किंवा पाय काठीचा आधार देऊन न हलेल असा ठेवा, धीर द्या, आणि १०८ नंबरची गाडी बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय कार्यक्रम सरकारने २०२४ साली आखला आहे. तो कागदावर राहू नये असं वाटत असेल, तर तीन गोष्टी तुम्हीच करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चौघे चित्रावरून ओळखायला शिका. आपल्या गावाजवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशाची लस ठेवलेली असते, हे आजच विचारून ठेवा. आणि शेतावर जाणाऱ्या आपल्या आईवडिलांच्या पायांत बूट आणि रात्री त्यांच्या हातात बॅटरी आहे ना, तेवढं रोज बघा. व्हिटाल ब्राझीलने जन्मभर हेच केलं. त्याने आधी आपली माती ओळखली, तिच्यातलं विष ओळखलं, आणि मगच औषध केलं.